अळीला जागा देणार का?

यवतमाळात आर्णी रोडला जा, दारव्हा रोडला जा, नाहीतर धामणगाव रोडला. शेतं मोडून लेआउट पडले, घरं उभी राहिली आणि मधोमध नकाशात सोडलेली 'ओपन स्पेस' तशीच राहिली. कुठे तिला तारेचं कुंपण आहे, कुठे गणपतीचा ओटा, आणि बहुतेक ठिकाणी रुई, तरोटा, गाजरगवत. अशाच एका जागेचं काय करायचं, यावर मामा आणि भाची यांचा हा संवाद. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांची मतं शहरात कोणत्याही ओट्यावर ऐकू येतील. मामा कृषी सहाय्यक म्हणून निवृत्त झालेले; घाटंजीकडे त्यांची कोरडवाहू शेती आहे आणि लेआउटच्या समितीचे ते सचिव आहेत. भाची शाळेत विज्ञान शिकवते.

मामा: बरी आलीस. रविवारी समितीची सभा आहे आणि ठराव तुझ्या आवडीचा आहे. ओपन स्पेसमध्ये फुलपाखरू उद्यान! पोरानं अमेरिकेतून व्हिडिओ पाठवला. तिथे मोनार्क नावाच्या फुलपाखरासाठी लोक अंगणात, शाळेत, चर्चच्या आवारात झाडं लावतात आणि बाहेर पाटी ठोकतात. म्हटलं, आपणही करू. जेसीबीवाल्याला सांगून ठेवलं आहे. आधी रुई, तरोटा सगळं साफ. मग लॉन, पेव्हर ब्लॉक आणि कडेनं नर्सरीतली फुलझाडं.

भाची: ठराव चांगला आहे, मामा. त्यातला जेसीबी तेवढा काढा.

मामा: काऊन?

भाची: अमेरिकेतले लोक जे झाड मुद्दाम लावतात, त्याच्याच कुळातलं झाड तुम्ही उपटायला निघालात. मोनार्कची अळी मिल्कवीडखेरीज काही खात नाही. मिल्कवीड आणि आपली रुई एकाच कुळातल्या. मोनार्क आपल्याकडे नाही, पण त्याच्या जवळच्या नात्यातलं प्लेन टायगर यवतमाळात सगळीकडे आहे. नारिंगी पंख, काळी किनार, टोकाला पांढरे ठिपके. ते अंडी घालतं रुईच्या पानावर, बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला, एकेक करून. तुमचा जेसीबी फिरला की बाग तयार व्हायच्या आधीच पाळणाघर पाडलं म्हणून समजा.

मामा: पण फुलपाखरू फुलावर येतं ना? फुलं भरपूर लावू. घाणेरीवर बघ किती येतात.

भाची: येतात, मध पितात आणि जातात. घाणेरी बाहेरून आलेली आहे, तिनं रानं व्यापली, आणि या फुलपाखरांच्या अळ्या तिचं पान खात नाहीत. फुलपाखरू जगतं ते अळीच्या पोटावर. प्रत्येक जातीच्या अळीला ठरावीकच पानं लागतात. कडीपत्ता, लिंबू, बेल यांवर लाइम बटरफ्लाय वाढतं. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. कण्हेरीवर कॉमन क्रो. एरंडावर कॉमन कॅस्टर. तरोट्यावर ती छोटी पिवळी ग्रास यलो. तुम्ही ज्याला कचरा म्हणता त्यातलं निम्मं त्यांचं जेवण आहे.

मामा: तरोटा मीही खातो बाई, पहिल्या पावसानंतरची कोवळी भाजी. कचरा म्हणत नाही. पण बागेत तरोटा ठेवला तर लोक म्हणतील, सचिवानं वर्गणी खाल्ली. आणि राज्य फुलपाखरू असताना रुईवरचंच काऊन? ब्लू मॉर्मन ठेवू की.

भाची: 2015 मध्ये ब्लू मॉर्मन महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, असं करणारं आपलं पहिलं राज्य. पण त्याचा मुख्य मुलूख सह्याद्री आणि दक्षिणेतली दमट रानं. आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्याची वाट बघत बसण्यापेक्षा जे आपल्याकडे आधीच आहे त्याची सोय करा. कडीपत्त्याची चार झाडं लावली तर त्याच गोतावळ्यातलं कॉमन मॉर्मन येईल.

मामा: आता मी तुला खरा प्रश्न विचारतो. तू म्हणतेस प्लेन टायगर सगळीकडे आहे. रुईही सगळीकडे आहे. धुऱ्यावर आहे, रस्त्याच्या कडेला आहे, ई-क्लास जमिनीवर आहे. मग त्यासाठी शहरातली जागा कशाला अडवायची? तुटवडा नाही त्याचं संवर्धन कसलं?

भाची: प्रश्न बरोबर आहे. प्लेन टायगर आज धोक्यात नाही, आणि आहे असं सांगून तुमच्याकडून ठराव मी पास करून घेणार नाही. पण मोनार्कही तसंच होतं. अमेरिकेत ते शाळेतल्या पोरांना माहीत असलेलं, घरोघर दिसणारं फुलपाखरू. हिवाळ्यात ती मेक्सिकोच्या डोंगरांतल्या ओयामेल झाडांवर जाऊन बसतात. कॅनडापासून धरलं तर चार हजार किलोमीटरपर्यंतचा प्रवास, आणि वजन अर्धा ग्रॅम. ती जागा शास्त्रज्ञांना 1975 मध्ये कळली. फुलपाखरं मोजता येत नाहीत म्हणून त्यांनी व्यापलेलं रान मोजतात. 1996-97 च्या हिवाळ्यात ते अठरा हेक्टरच्या आसपास होतं. 2013-14 मध्ये 0.67 हेक्टर. वीस वर्षंही लागली नाहीत.

मामा: कशानं झालं?

भाची: तिथली जंगलतोड आहे, दुष्काळ आहे, थंडीच्या लाटा आहेत. पण एक मोठं कारण तुमच्या ओळखीचं आहे. 1996 पासून तिकडे तणनाशक सहन करणारं सोयाबीन आलं, मागोमाग मका आला. शेतात ग्लायफोसेट मारलं की पीक उभं आणि बाकी सगळं साफ. मक्याच्या ओळींमधलं मिल्कवीड गेलं. ते कुणी मुद्दाम मारलं नव्हतं. तण होतं, तणासारखं मेलं. म्हणून आता लोकांना अंगणात लावावं लागतं. 2005 पासून कॅन्सस विद्यापीठातली मोनार्क वॉच ही संस्था अशा छोट्या जागांची नोंद ठेवते. तुमच्या मुलाच्या व्हिडिओतली पाटी त्याच धर्तीची असेल.

मामा: म्हणजे फिरून फिरून शेतकऱ्यावरच आलीस! पावसाळ्यात निंदणाला बाया मिळत नाहीत. मिळाल्या तर एका पऱ्हाटीच्या वावराला दोनदा-तीनदा निंदण परवडत नाही. डवरणी करायला बैलजोडी राहिली कुणाकडे? 2019 साली अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेनं परवानगी नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं कपाशीचं बियाणं, उघड उघड पेरलं ते हौसेनं नाही. आधी मजूर दे, मग तणाची बाजू घे.

भाची: मी वावराबद्दल बोलतच नाही. वावरात तुम्हाला तण परवडत नाही हे मला मान्य आहे. तरी एक सांगते: 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रानं ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरती मर्यादित केली. आणि फवारणीचं मोल या जिल्ह्याइतकं कुणाला माहीत आहे?

मामा: ते नको काढू. 2017 चा तो हंगाम मी पाहिला. कपाशी पुरुषभर उंच, गुलाबी बोंडअळी आत शिरलेली, लोकांनी औषधात औषध मिसळून मारलं. तोंडाला फडकं नाही. वीसहून जास्त माणसं गेली जिल्ह्यात, शेकडो दवाखान्यात भरती झाली. डोळ्यानं दिसेनासं झालेली पोरं होती त्यात.

भाची: म्हणूनच म्हणते, वावराचा हिशेब वावरात ठेवा. लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये कुठलं पीक आहे? तिथे कुणाचं पोट अडकलेलं नाही. तरी पावसाळ्यात कुणीतरी पाठीला पंप लावून तणनाशक मारून जातं, आणि दुसऱ्या दिवशी पोरं तिथेच क्रिकेट खेळतात. शेतात नाइलाज असेल. इथे ती नुसती सवय आहे.

मामा: सवय म्हणशील तर दुसरीही आहे. या जिल्ह्यात 'अळी' म्हटलं की माणूस पंप शोधतो. तू त्याच माणसाला सांगणार की ही अळी पाळ. सभेत पहिला प्रश्न येईल, ही वावरात गेली तर?

भाची: तुम्ही कृषी खात्यात होतात. काय उत्तर द्याल?

मामा: खरं उत्तर देईन. जाणार नाही. बोंडअळीला कपाशी लागते, नाहीतर भेंडी, अंबाडी अशी त्याच गोतातली झाडं. रुईची अळी कपाशीवर सोडली तर उपाशी मरेल. रुईवरचा पिवळा मावा वेगळा, कपाशीचा मावा वेगळा. उलट कपाशीवरचा पिठ्या ढेकूण गाजरगवतावर पोसतो. उपटायचं तर ते उपटा. पण बाई, सभेत पन्नास माणसं असतात, त्यांना हे एका दमात कोण समजावणार?

भाची: समजावू नका, दाखवा. अळी ओळखायला अगदी सोपी. पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. मोनार्कच्या अळीला दोनच. खायला बसायच्या आधी ती पानाची शीर कुरतडते, म्हणजे चिकाचा जोर कमी होतो. तरी जेवढं विष पोटात जातं ते ती साठवते, आणि मोठं झालेलं फुलपाखरूही कडू लागतं. पक्षी एकदा चाखतो आणि पुढच्या वेळी सोडून देतो. म्हणून डॅनाइड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरचा वेष घेऊन फिरते. तिच्या अळीचं अन्न काय, माहीत आहे? घोळ. डाळ घालून आपण भाजी करतो तीच.

मामा: विषाचं तूच काढलंस, बरं झालं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप तोच. रुईचा चीक पोराच्या डोळ्यात गेला तर? बुबुळाला इजा होते, दिसणं अंधुक होतं. मी खेड्यात पाहिलं आहे. फुलपाखरासाठी पोराचा डोळा मी पणाला लावणार नाही. तू शाळेत शिकवतेस, तू लावशील?

भाची: नाही लावणार. हा आक्षेप मी खोडून काढत नाही, पाळते. रुई झोपाळ्याजवळ नको, पायवाटेला लागून नको. मागच्या कुंपणाकडे, पुढे हात पोचणार नाही एवढं अंतर ठेवून. पाटी लावायची: पान तोडू नका, चीक डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि डॉक्टरकडे जा. पण मग नियम सगळ्यांना सारखा लावा. तुमच्या नर्सरीतल्या फुलझाडांत कण्हेर असणारच. तीही विषारी, पिवळ्या कण्हेरीची बी तर जीवघेणी. हायवेच्या दुभाजकात मैलोन् मैल कण्हेर आहे, तिच्याबद्दल कुणी सभा घेत नाही. नर्सरीतून आली, कुंडीत आली, म्हणजे ती शोभेची झाली. रुई आपोआप उगवली म्हणून तेवढी धोकादायक?

मामा: हे लागलं मला. पण साप? गवत वाढलं की घोणस येते. बाया संध्याकाळी तिथे फिरतात.

भाची: पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी चार-चार फूट गवत कापून ठेवायचं. आणि साप उंदरामागे येतो, उंदीर कचऱ्यामागे. कोपऱ्यात बांधकामाच्या विटांचा ढीग आहे आणि लग्नाच्या पत्रावळी पडल्या आहेत, आधी त्या उचला. रुई उपटली आणि ढीग तसाच ठेवला तर साप कुठेही जाणार नाही.

मामा: ठीक. आता लॉनबद्दल बोल. समितीला हिरवळ हवीच आहे.

भाची: पाणी कुठून देणार? 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी हात टेकले, तेव्हा नळ किती दिवसांनी येत होता ते आठवा. टँकरनं लॉन जगवायचं का? रुई मे महिन्यात हिरवी असते, तिला तांब्याभर पाणीही कुणी घालत नाही. पेव्हर ब्लॉकचे पैसे वाचवा आणि त्यात बहावा, बेल, कडीपत्ता लावा. पहिली दोन-तीन वर्षं पाणी द्यावं लागेल, पुढे सावलीही मिळेल. कुंपणाच्या तारेवर हरणदोडीचा वेल सोडा. ब्लू टायगर येईल. जमिनीवर अनंतमूळ असलं तर कॉमन क्रोची सोय होते. खुळखुळ्याची चार झाडं वाळू द्या. त्यांच्यावर टायगर फुलपाखरांचे नर गर्दी करतात, कारण माद्यांना आकर्षित करायला लागणारी द्रव्यं त्यांना तिथून मिळतात.

मामा: नर्सरीवाला म्हणाला, हळदीकुंकू लावा. लाल-पिवळी फुलं, आणि मोनार्कलाही तेच चालतं म्हणे.

भाची: चालतं. अळीही खाते. पण ते मिल्कवीड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे लोकांनी ते हौसेनं लावलं. ते हिवाळ्यातही वाळत नाही, त्यामुळे काही मोनार्क प्रवास सोडून तिथेच थांबू लागले आणि त्यांच्यात एका परजीवीचा रोग वाढला. आता तिथले जाणकार सांगतात की स्थानिक मिल्कवीड लावा, हे लावलं असेल तर पानगळीच्या दिवसांत छाटून टाका. आपल्याकडे तीच अडचण येईल असं मी म्हणत नाही. पण रुई फुकट उभी असताना पैसे देऊन परदेशी झाड कशाला? शिवाय नर्सरीतल्या रोपावर कीटकनाशक मारलेलं असेल तर पहिलीच अळी मरेल.

मामा: बरं, छाटणीवरून एक सांगतो, हे तुझ्या पुस्तकात नसेल. रुई बुडापासून कापली तरी मरत नाही. पंधरा-वीस दिवसांत मुळापासून कोवळे फुटवे येतात. धुऱ्यावर आयुष्य गेलं माझं तिच्याशी भांडण्यात.

भाची: मग तुमचं भांडण इथे कामाला येईल! मादीला अंडी घालायला कोवळंच पान आवडतं. जून, जाड पानापेक्षा फुटव्यावर अळ्या जास्त मिळतात. सगळी रुई एकदम कापायची नाही. निम्मी आज, उरलेली दीड महिन्यानं, आणि कापण्याआधी अळ्या-कोश आहेत का बघायचं. झाडं छातीच्या वर जाणार नाहीत, जागा नीट दिसेल, आणि फुलपाखरांना ताजं पान मिळत राहील.

मामा: हे मात्र सभेत चालेल. 'छाटणी' म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी काम होतंय. पण छाटणार कोण? उद्घाटनाला सगळे येतात. वृक्षारोपणाचे खड्डे दरवर्षी त्याच जागी खणतात, तू पाहिलेच असतील.

भाची: माझ्या वर्गातली मुलं नोंद ठेवतील: कुठल्या पानावर कुठली अळी, कोश कधी झाला, फुलपाखरू कधी निघालं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत महिन्याभरात सगळं उरकतं, म्हणजे एका पावसाळ्यात तीन-चार पिढ्या मुलांना बघता येतील. ती नोंद वाया जात नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक नगर परिषदेत आणि ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. राज्य जैवविविधता मंडळ तर आपल्या नागपुरातच आहे. छाटणी मात्र मोठ्यांनी करायची, हातमोजे घालून. चिकाचं काम मुलांना नाही.

मामा: आणि यानं शेतीचा फायदा होईल, परागीभवन होईल, असं सांगू का सभेत? लोकांना फायदा लागतो.

भाची: नका सांगू. परागीभवनाचं मोठं काम मधमाश्या करतात. फुलपाखरांचा वाटा त्या मानानं लहान. खोटा फायदा सांगितला की पुढच्या वर्षी तोच हिशेब मागतात. फायदा एवढाच की कमी पाण्यात, कमी पैशात पाहण्यासारखी जागा होईल आणि मुलांना अळी म्हणजे फक्त शत्रू नाही हे कळेल.

मामा: माझं मन अजून पूर्ण वळलेलं नाही, सांगून ठेवतो. मला समोरचा भाग स्वच्छ, कापलेला हवा. तिथे गणपती बसतो, हळदीकुंकवाला बाया बसतात. मागचा तिसरा हिस्सा तुझा. दोन वर्षं. पोराच्या डोळ्याला काही झालं किंवा गाजरगवत माजलं, तर मी स्वतः कुदळ घेईन.

भाची: मान्य. आणि तणनाशक?

मामा: ओपन स्पेसमध्ये नाही. ठरावात पहिली ओळ तीच लिहितो, जेसीबीच्या जागी.

मामा पूर्ण पटले नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. सामाईक जागेत एकाची आवड सगळ्यांवर लादून चालत नाही. मुलांची सुरक्षा, सापाची भीती, नीटनेटकेपणाची अपेक्षा हे आक्षेप झाडांइतकेच खरे आहेत, आणि त्यांना जागेच्या आखणीत उत्तर देता येतं. भाचीच्या बाजूला मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. अमेरिकेला मिल्कवीड परत लावावं लागत आहे, कारण ते आधी गेलं. यवतमाळात रुई अजून गेलेली नाही. इथे लावण्याचा खर्च शून्य आहे. फक्त सरसकट उपटायचं आणि फवारायचं थांबवायला हवं.

तुमच्या लेआउटची, शाळेची किंवा देवळामागची मोकळी जागा साफ करायचा ठराव येईल तेव्हा सही करण्याआधी एकदा तिथे जाऊन या. गाजरगवत उपटा, कचरा उचला. रुईचं पान न तोडता, चीक हाताला न लावता, खालून बघा. अळी दिसली तर ठरावात तिच्यासाठी एक कोपरा लिहून घ्या.